उजवीकडचा सातवा कोनाडा

रविवार, ९ फेब्रुवारी

प्रिय दादा,

तुला नमस्कार, वहिनीला नमस्कार आणि तुझ्या गुडघ्यालाही नमस्कार, कारण हल्ली तुमच्या घरात त्याचाच शब्द चालतो असं ऐकते. फोनच करणार होते. पण गेल्या खेपेला मी "सुई हरवली" म्हटलं आणि तू "सून हरवली?" म्हणून ओरडून अख्खी गल्ली गोळा केलीस. तेव्हा पत्रच बरं.

बातमी अशी की मी चित्रं काढायला लागले आहे. हसू नकोस. दुकान आता सून बघते, मी अडल्यानडल्याला काज-बटणं करून देते, म्हणजे रविवार मोकळाच. आमच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी एक मंडळ काढलंय, रेघोटी मंडळ. दर रविवारी सकाळी आठ वाजता घडीचं स्टूल घेऊन जुन्या इमारतीसमोर जाऊन बसायचं आणि समोर दिसेल ते काढायचं. बाई म्हणतात, आठवडाभर लोकांच्या तोंडात वाकून बघते, एक दिवस मान वर करायला नको का? दुसरा एक बस ड्रायव्हर आहे. तो फक्त बॉलपेनने काढतो आणि काही खोडत नाही. बस उलटी घेतली की प्रवासी शिव्या देतात, म्हणून त्याला मागे जायची सवयच नाही म्हणे.

आणि आम्ही सध्या काय काढतोय सांगू? आपल्या शाळेच्या वाटेवरचं चर्च! दोन टोकांना दोन मनोरे, मधे दार, दारावर ती गोल खिडकी आणि खिडकीच्या दोन्ही अंगांना कमानदार कोनाड्यांची ओळ. आत पडवीत, तू ऑफिसात असताना मापं घेऊन काढलेला याच दर्शनी भिंतीचा नकाशा अजून टांगलेला आहे, काचेच्या चौकटीत, कोपऱ्यात तुझी बारीक सही. मी सगळ्यांना हात धरधरून नेलं आणि सांगितलं, हा माझ्या सख्ख्या भावाने काढलाय, चोविसाव्या वर्षी. माझी कॉलर एवढी ताठ झाली की इस्त्रीची गरज नाही.

सोबत माझं पहिलं चित्र पाठवते. मी आठ वर्षांची असताना आपल्या घराचं चित्र काढलं होतं आणि तू त्यावर लाल पेन्सिल चालवली होतीस, आठवतं? त्यानंतर आज एकसष्टाव्या वर्षी कागदावर पेन्सिल टेकवली. मधली त्रेपन्न वर्षं कापडावर खडूने रेघा मारल्या, त्या धरायच्या नाहीत. चुका सांग. एक मलाच कळली आहे, उजवीकडे माझे कोनाडे सहाच आलेत आणि डावीकडे सात. मोजताना कबुतर मधे आलं असेल.

तुझी,
गुंडी


सोमवार, १७ फेब्रुवारी

प्रिय गुंडी,

अनेक आशीर्वाद. अक्षर तुझ्या वहिनीचं, शब्द माझे. माझा उजवा हात गेल्या वर्षापासून थरथरतो हे तुला माहीत आहे. चहाचा कप उचलला की बशीच आधी बोलते. म्हणून मी येरझाऱ्या घालत सांगतो आणि ही लिहिते.

कोटाची गुंडी गिळून बसलेली मुलगी पुढे शिंपीण होणार हे एक वेळ कळलं असतं, पण चित्रकार होईल असं वाटलं नव्हतं. चित्र बरं आहे. मनोरे जरा फुगलेत, थंडीत स्वेटर घातल्यासारखे. खिडकी गोल हवी, तू बटाटा काढला आहेस. पेन्सिल हात लांब करून धर, एक डोळा मीट आणि माप घे.

आणि सहा कोनाडे? शाळेतही तुझा सातचा पाढा कच्चाच होता. जुन्या लोकांनी या इमारती आरशासारख्या बांधल्या आहेत. डावीकडे सात तर उजवीकडे सातच असणार. शंका आली तर माझ्या नकाशात बघ आणि पुढे चल, उगीच मोजत बसू नकोस.

तुझा,
दादा

ता. क. वन्सं, मी वहिनी. हे आता अंघोळीला गेलेत. तुमचं पत्र यांनी शेजारच्या दोन घरांत वाचून दाखवलं. ताठ कॉलरीचा भाग दोनदा वाचला. कोनाड्यांचा भाग मात्र एकदाही वाचला नाही, का कोण जाणे.


रविवार, २ मार्च

प्रिय दादा,

कबुतराचा काही दोष नाही. कोनाडे सहाच आहेत!

झालं असं की आज मला उशीर झाला. मंडळी नेहमी चर्चसमोरच्या मोठ्या झाडाखाली सावलीत बसतात, तिथे जागाच उरली नव्हती. मग मी रस्त्यापलीकडे चांभाराच्या दुकानाच्या पायरीवर बसले. तिथून फांद्यांच्या खालून उजवी बाजू लख्ख दिसते. मोजले तर सहा. पुन्हा मोजले, सहा. सातव्याच्या जागी नुसता साधा दगड. मी डॉक्टरीणबाईंना हाक मारली. त्यांनी बोट पुढे करून दाढा मोजतात तशी ओळ मोजली आणि म्हणाल्या, "अहो खरंच, शेवटची नाहीये." बस ड्रायव्हर खट्टू झाला. त्याने झाडाखाली बसून, तुझ्या नकाशात बघून, बॉलपेनने सात काढून ठेवले होते.

पण यात तुझाच मान वाढला बरं का. आम्ही फादरना विचारायला गेलो तर ते खुशीत आले. म्हणाले, "तुमच्याही लक्षात आलं ना? तो सातवा कोनाडा मागे कधीतरी बुजवलाय. तुमच्या भावाचा नकाशा होता म्हणून आम्हाला पत्ता लागला." दर्शनी भिंतीची डागडुजी निघाली आहे, परांची बांधून झाली आहे. पाथरवट पुढच्या महिन्यात, सात तारखेच्या सोमवारी, तो दगड फोडून कोनाडा मोकळा करणार. मूळ होता तसा. आणि पहिला घाव घालायला कोणाला बोलवायचं ठरलंय? तुला! फादर म्हणाले, ज्यांनी तो कोनाडा शेवटचा उघडा पाहिला, त्यांच्याच हातून होऊ दे.

मी तुझ्या वतीने हो सांगून टाकलं. वहिनीला म्हणावं, दादाचा निळा कोट घेऊन ये, बाह्या ढिल्या करून देते.

तुझी अभिमानी,
गुंडी


शनिवार, ८ मार्च

प्रिय गुंडी,

अनेक आशीर्वाद. पत्र मिळालं. इथे सगळं ठीक. हवा बरी आहे. गल्लीतला दिवा दुरुस्त झाला.

मला येणं जमेलसं वाटत नाही. गुडघा फार दुखतो, जिना उतरवत नाही. शिवाय घाव घालायचा म्हणजे हात स्थिर लागतो. त्यांना सांग, माझ्यासाठी काही अडवून ठेवू नका. आणि माझ्या नावाचा एवढा गाजावाजाही नको. तो नकाशा जुना आहे, जुन्या गोष्टींवर माणसाने किती विसंबावं?

ते झाड अजून तेवढंच पसरलेलं आहे का? उजवीकडच्या मनोऱ्यात घंटेकडे जायचा जिना होता, तो वापरात आहे का? फोडाफोडी करण्याआधी त्यांनी कोणा इंजिनियरला दाखवलंय का? सहज विचारतो.

तुझ्या चित्राची खिडकी आता गोल येते का ते कळव.

दादा

ता. क. वन्सं, यांचा गुडघा ठणठणीत आहे. काल आणि परवा मिळून हे सात वेळा शिडीवरून माळ्यावर चढले आणि उतरले. जुन्या ऑफिसच्या वह्या शोधतायत. काय शोधताय विचारलं तर म्हणाले, "छत्री." आणि छत्री दाराला टांगलेली आहे. जेवताना घास सोडून नुसते चमच्याकडे बघत बसतात. काहीतरी बिनसलंय. तुम्हाला माहीत असेल तर मला सांगा, आणि मला माहीत नसेल असं काही असेल तर आधी सांगा.


रविवार, १६ मार्च

प्रिय दादा,

आज हे पत्र मी तीनदा फाडून चौथ्यांदा लिहिते आहे. फोनही उचलला होता, पण हा प्रश्न वहिनीने तुझ्या कानात ओरडून विचारण्यासारखा नाही.

तू जिन्याचं विचारलंस म्हणून मी घंटेवाल्याला गाठलं. म्हातारा रोज दोन वेळा तो जिना चढतो आणि चढताना प्रत्येक पायरीला नावं ठेवतो. त्याच्या मागून मी वर गेले. जिना गोल गोल जातो, अगदी त्या सातव्या कोनाड्याच्या जागेच्या पाठीमागून. तिथे शेजारीच एक झरोका आहे. मी पर्समधून माझी मापाची टेप काढली, झरोक्यातून बाहेर सोडली आणि भिंतीची जाडी मोजली. चौदा इंच. आणि तुझ्या नकाशात कोनाड्याची खोली तूच लिहिली आहेस, अठरा इंच.

चौदा इंचांच्या भिंतीत अठरा इंचांचा कोनाडा! दादा, कापडापेक्षा खिसा मोठा कसा होईल?

दुसरं सांगते. कुठलंही रफू कितीही सफाईने केलं तरी उलट्या बाजूने लपत नाही. गिऱ्हाईक सुलट बाजू बघतं, शिंपी आधी कपडा उलटा करतो. मी आतून, म्हणजे उलट्या बाजूने, हात फिरवून फिरवून बघितलं. काही बुजवल्याची खूण नाही. दगड सलग आहेत. तिथे कोनाडा कधी नव्हताच. बांधणाऱ्याला आत जिना बसवायचा होता, म्हणून त्याने बाहेरचा एक कोनाडा सोडून दिला. कोटाला आतून खिसा लावला की त्या अंगाला वरून शोभेचं काही शिवता येत नाही, तसंच ते.

दादा, तू उजवी बाजू मोजली होतीस का?

मी अजून कोणाला बोललेले नाही. बोलले तरी कोण ऐकणार? एकीकडे चौकटीतला नकाशा, दुसरीकडे शिंपिणीची टेप. परवा सहज फादरना म्हटलं, तिथे कधीच कोनाडा नसेल तर? ते हसून म्हणाले, "बाई, तुमच्या भावावर तुमचा विश्वास नाही वाटतं?" पण सात तारखेला तिथे घाव बसला तर जिन्याची भिंत फुटेल, आणि तो म्हातारा रोज तिथून जातो. तुझं काही ऐकायच्या आधी मला तुला उघडं पाडायचं नाही. तरी तीस तारखेच्या रविवारपर्यंत तुझं पत्र आलं नाही तर मी परांचीखाली स्टूल टाकून बसेन आणि बोंब मारेन, मग माझं कोणी ऐको न ऐको.

माझा राग आला तरी चालेल. पत्र लिही.

गुंडी


शनिवार, २२ मार्च

प्रिय गुंडी,

अक्षरावरून ओळखलं असशील, हे मीच लिहितो आहे. तुझ्या वहिनीला बाजारात पाठवलंय. कागदावर मुंगी शाईत बुडून चालल्यासारखं दिसेल, पण हे तिला सांगून लिहवून घेता आलं नसतं.

नाही. मी उजवी बाजू मोजली नव्हती.

आम्हाला ऑफिसातून तीन दिवस दिले होते. दोन दिवसांत डावी बाजू इंच न इंच मोजली, प्रत्येक कोनाड्यात हात घालून. तिसऱ्या दिवशी उजवीकडे शिडी लावायची होती. तिकडे ते झाड, फांद्यांमुळे शिडी लागेना. आणि त्याच दिवशी तीनच्या सिनेमाची दोन तिकिटं माझ्या खिशात होती. वाचनालयातली एक मुलगी पाच महिन्यांनी एकदाची हो म्हणाली होती. मी घड्याळात बघितलं, ट्रेसिंग पेपर उलटा केला, मधली रेघ मधल्या रेघेवर बसवली आणि दहा मिनिटांत उजवी बाजू तयार केली. आमच्या धंद्यात हे सगळेच करतात. फक्त आधी बघून घेतात.

दोन वर्षांनी तिथून जाताना झाड छाटलेलं होतं. मी मोजले. सहा. तोवर नकाशा चौकटीत बसला होता, साहेबांनी चारचौघांत पाठ थोपटली होती. सांगायला गेलो असतो तर काय झालं असतं? हसले असते, दुसरं काही नाही. पण माझी जीभ रेटली नाही. आज सांगू, उद्या सांगू, असं करता करता एक्केचाळीस वर्षं गेली. चूक कोणाच्या पायात येत नव्हती, म्हणून मी तिच्याकडे बघायचं सोडून दिलं.

मात्र गेल्या महिन्यात तू सहा लिहिलंस आणि मी तुझ्या सातच्या पाढ्याला हसलो. तेव्हा मला ठाऊक होतं की तूच बरोबर आहेस. त्या नकाशापेक्षा मला या हसण्याची जास्त लाज वाटते.

माळ्यावर मी मापांची वही शोधत होतो. ती सापडली, उजव्या बाजूची पानं कोरी आहेत. तिच्यात आणखी एक कागद सापडला, पिवळा पडलेला. तू आठव्या वर्षी काढलेलं आपलं घर. गुंडे, आपल्या घराला पुढून एकच खिडकी होती. दुसऱ्या बाजूला आतून आईचं कपाट होतं, म्हणून तिथे भिंतच होती. तू एकच काढली होतीस. मी लाल पेन्सिलने दुसरी घातली आणि वर "चूक" असं लिहिलं. घराला दोन खिडक्या असतात हे मला माहीत होतं, म्हणून ज्या घरात राहत होतो त्याच्याकडे मी बघितलंच नाही. त्यानंतर तू चित्र काढायचं सोडलंस हे मला तुझ्या पत्रातून कळलं. मी आपला समजत होतो की तुला गोडी नव्हती.

सोबत फादरना वेगळं पत्र आहे. पाकीट उघडं ठेवलंय. तू वाच, मग त्यांच्या हातात दे. त्यांनी नकाशा काढून टाकला तरी माझं काही म्हणणं नाही.

तुझा,
दादा

ता. क. वन्सं, पाकीट उघडं ठेवलं की मी वाचणारच. त्रेचाळीस वर्षं हा माणूस मला सांगतोय की त्या दिवशी साहेबांनी खूश होऊन लवकर सोडलं होतं! आणि तो सिनेमा इतका रटाळ होता की मध्यंतरानंतर आम्ही दोघंही झोपलो. माझ्यामुळे एक चर्च पडता पडता राहिलं हे मला कोणी आधी सांगायला नको? पाकीट मी स्वतः टपालात टाकून आले. यांच्या खिशात ठेवलं असतं तर पुढच्या वर्षी निघालं असतं.


रविवार, ३० मार्च

प्रिय दादा,

तुझं पत्र गुरुवारी आलं. मी ते मशीनपाशी बसून वाचलं आणि मग सुनेला सांगितलं की डोळ्यात धागा गेला. खिडकीबद्दल मी इथे काही लिहीत नाही. लिहायला घेतलं की अक्षर तुझ्यासारखं येतं.

आज सकाळी फादरना पाकीट दिलं. मंडळातले सगळे स्टुलं घेऊन आजूबाजूला, कोणी हलेना. पाथरवटही परांचीवरून खाली आला होता. फादरनी पत्र एकदा मनात वाचलं. चष्मा पुसला. पुन्हा वाचलं. मग ते इतके हसले की झाडावरची कबुतरं उडाली. म्हणाले, "मी इथे तीस वर्षं लोकांच्या चुका ऐकतोय. फूट आणि इंच लिहून आलेली ही पहिलीच!"

मग गंभीर झाले आणि माझ्याबरोबर जिना चढून आले. मी त्यांना टेप धरून दाखवली. खाली आल्यावर त्यांनी सगळ्यांसमोर मला सांगितलं, "बाई, त्या दिवशी मी तुम्हाला हसण्यावारी नेलं. माझं चुकलं." दादा, फार बरं वाटलं.

पाथरवट तर सुटकेचा निःश्वास टाकून खालीच बसला. म्हणतो, "मी त्या दगडावर हातोडी वाजवून बघितली होती. बुजवलेला दगड पोकळ बोलतो, हा भरीव बोलत होता. पण कागदात होतं ना!" म्हणजे बघ, त्यालाही कळलं होतं, मलाही दिसलं होतं, आणि आम्ही दोघंही तुझ्या सहीला घाबरून गप्प होतो. डॉक्टरीणबाईंनी निकाल दिला की तो दात जन्मतःच नव्हता, आणि आपण हिरडी फोडून शोधायला निघालो होतो. बस ड्रायव्हरने आयुष्यात पहिल्यांदा चित्रातला कोनाडा खोडला. बॉलपेनने गिरवून गिरवून काळा केला, आता तिथे घुबड बसल्यासारखं दिसतं.

नकाशा काही काढायचा नाही. फादर म्हणतात, डावी बाजू इतकी नेटकी आहे की तिला हात लावायचा नाही. उजवी बाजू नव्याने मोजून काढायची आणि जोडायची. काढणार कोण, तर ज्याची सही आहे तो. म्हणून आता निमित्त सांगू नकोस. गुडघा चांगला आहे हे मला माहीत आहे, छत्री दाराला टांगलेली आहे हेही माहीत आहे. ये.

गुंडी


शनिवार, ५ एप्रिल

प्रिय गुंडी,

अनेक आशीर्वाद. पुन्हा वहिनीच्या हातून लिहवतो आहे. (कंसातलं सगळं माझं, वहिनी.) तुझं पत्र वाचलं. मला काही विशेष वाटलं नाही. (दोन रुमाल भिजले.)

आम्ही वीस तारखेच्या बसने येतो. (तिकिटं मी काढली. यांच्या हाती तिकिटं दिली की इमारती धोक्यात येतात.)

पण एक गोष्ट आधीच सांगतो. मी काढणार नाही. हात थरथरतो म्हणून म्हणत असशील, तर ते कारण आहेच. पण हात धड असता तरी मी हेच म्हटलं असतं. ती बाजू तू बघितलीस. मी टेपचं टोक धरेन, तू मोजशील. मी आकडे मोठ्याने म्हणेन, तू लिहिशील. रेघ तू मारायचीस. आणि मधेच मी "आरशासारखं" असं काही बोललो तर मला चांभाराच्या पायरीवर नेऊन बसव. (मी स्वतः बसवीन.)

दोन खोडरबर आणि एक चांगली पेन्सिल आणतो. लाल पेन्सिल घरी ठेवून येतो. (खोटं. कोटाच्या खिशात आहे, मी बघितली.)

दादा (आणि मी)


रविवार, ११ मे

प्रिय दादा, प्रिय वहिनी,

तुम्ही बसमध्ये बसलात त्यानंतरची हकीकत कळवते.

चौकट आज पुन्हा टांगली. डावी बाजू तुझी, इस्त्री केल्यासारखी. उजवी माझी, सहा कोनाडे आणि एक साधा दगड. मधल्या रेघेवर दोन्ही कागद जुळलेत, पण जोड दिसतो. मी फादरना म्हटलं, दिसू दे. खाली दोन सह्या आहेत आणि लोक येऊन आधी त्याच वाचतात. माझ्या सहीसमोर "शिंपीण" असं लिहायला लावलं ते बरं झालं, त्यामुळे आज दोन ब्लाउज आणि एक पडदा शिवायला आला.

मंडळात तुझी सगळे आठवण काढतात. बस ड्रायव्हर म्हणतो, दादांसारखा टेप धरणारा माणूस नाही, तीन दिवसांत एकदाही मधे बोलले नाहीत. मी त्याला सांगितलं नाही की वहिनी दर पाच मिनिटांनी तुझ्या पाठीत कोपर मारत होती.

आता खरं सांगायचं ते. तुम्ही निघायच्या आदल्या दुपारी तू खुर्चीत डुलक्या घेत होतास तेव्हा मी वहीच्या मागच्या पानावर आपलं घर काढलं होतं. आठवून आठवून. पुढचं दार, पायरीवरचा फुटका कोपरा, आणि डावीकडे एक खिडकी. एकच. तुला दाखवायचा धीर झाला नाही, वही मिटून ठेवली.

आज मंडळात नवं पान काढायला वही उघडली तर ती मागून उघडली. तू कधी बघितलंस, कधी ती लाल पेन्सिल खिशातून काढलीस, मला पत्ताही लागला नाही. खिडकीच्या वर, भिंतीवर, एक बरोबरची खूण आहे. लांब, वेडीवाकडी, शेवटी थरथरत पानाबाहेर गेलेली. शेजारी काही लिहिलेलं नाही.

मी ते पान मांडीवर तसंच उघडं ठेवलं. डॉक्टरीणबाई वाकून बघायला आल्या आणि म्हणाल्या, "हे काय, वहीत कोणी पेपर तपासला वाटतं?"

मी म्हटलं, हो. त्रेपन्न वर्षांनी निकाल लागला. पास झाले.

तुझी,
गुंडी